‘विकत घ्या’ या बटणाखाली नेमके काय विकले जाते?

प्रश्न असा आहे: काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन सेवेवर पूर्ण किंमत मोजून ‘विकत’ घेतलेला चित्रपट एके दिवशी खात्यातून नाहीसा झाला आणि विचारणा केल्यावर ‘हक्कांची मुदत संपली’ एवढेच उत्तर मिळाले, मग विकत घेतले ते काय? त्याच्या जोडीला आणखी तीन शंका आहेत. घरातल्या सीडी-डीव्हीडींच्या प्रती संगणकात काढून ठेवल्या तर तो गुन्हा ठरतो का, पैसे देऊन घेतलेले गाणे स्वतःच्या व्हिडिओला लावता येते का, आणि हा सगळा संग्रह मुलांच्या नावे करता येतो का? संगीत आणि चित्रपट यांच्या हक्कांचे करार लिहिण्यात आणि त्यांवरचे वाद निस्तरण्यात माझी वीसेक वर्षे गेली आहेत. या चारही शंकांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे असे माझे मत आहे, म्हणून आधी तो सोडवतो.

कोणत्याही सीडीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात. एक म्हणजे बारा सेंटिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची तबकडी आणि दुसरी म्हणजे तिच्यावर मुद्रित केलेली कलाकृती. दुकानात पैसे मोजल्यावर तबकडीची मालकी गिऱ्हाइकाकडे येत असे. कलाकृतीची मालकी तेव्हाही येत नव्हती. त्यामुळे ‘पूर्वी गाणी आपल्या मालकीची असायची, आता ती राहिली नाहीत’ ही हळहळ अर्धीच खरी आहे. गाणे आपले कधीच नव्हते. तबकडी आपली होती, आणि ती आपली असल्यामुळे गाण्याच्या मालकाला आपल्या घरात डोकावायला वाव नव्हता. हा भेद न कळल्यामुळे मोठमोठी माणसेही फसतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसमधल्या एका लिलावात ‘स्पाइस डीएओ’ नावाच्या क्रिप्टोचलनधारकांच्या गटासाठी, कधीच न बनलेल्या एका चित्रपटाच्या चित्रमय आराखड्याचे दुर्मीळ पुस्तक सव्वीस लाख युरोंहून अधिक किमतीला घेण्यात आले. त्यानंतर गटाने ते पुस्तक सर्वांसाठी खुले करण्याचा आणि त्यावरून प्रेरित मालिका काढण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा जाणकारांना त्यांना सांगावे लागले की तुम्ही कागद विकत घेतला आहे, कथेचे किंवा चित्रांचे हक्क नव्हेत.

तबकडी आपली असण्याला कायद्याचा जो आधार आहे, त्याचा सर्वांत गाजलेला दाखला १९०८ सालचा आहे. एका अमेरिकी प्रकाशकाने आपल्या कादंबरीच्या आतल्या पानावर छापले होते की हे पुस्तक एका डॉलरपेक्षा कमी किमतीला विकल्यास तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. एका मोठ्या दुकानाने ते त्याहून स्वस्त विकले, प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने दुकानाच्या बाजूने कौल दिला. एखादी प्रत एकदा रीतसर विकली गेली की तिच्या पुढच्या विक्रीवर हक्कधारकाचे नियंत्रण उरत नाही, असे हे ‘पहिल्या विक्रीचे तत्त्व’ आहे. जुन्या पुस्तकांचा बाजार आणि वापरलेल्या डीव्हीडींची देवाणघेवाण, फार काय, शेजाऱ्याला कॅसेट ऐकायला देण्याचे स्वातंत्र्यसुद्धा, शेवटी या तत्त्वावर उभे आहे. मात्र ते ज्या गृहीतावर टिकून होते ते कोणी फारसे बोलून दाखवले नव्हते: वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की पहिला हात रिकामा होतो.

डिजिटल फाइलच्या बाबतीत नेमके हेच घडत नाही. आपण फाइल ‘पाठवली’ असे म्हणतो, पण प्रत्यक्षात काहीच जात नाही. पलीकडच्या यंत्रात एक नवी प्रत तयार होते आणि मूळ प्रत होती तिथेच राहते. प्रत काढण्याचा हक्क हा तर कॉपीराइटचा गाभाच आहे. ‘रीडिजी’ नावाच्या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये आयट्यून्सवरून, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन दुकानातून, घेतलेली गाणी पुन्हा विकण्याचा बाजार सुरू केला आणि ही अडचण टाळण्यासाठी मोठी कल्पक युक्ती लढवली. तिची प्रणाली फाइलचे छोटे छोटे तुकडे करून ते एकेक करून आपल्या सर्व्हरकडे नेत असे, आणि एक तुकडा पलीकडे पोहोचताच विक्रेत्याच्या संगणकातला तोच तुकडा पुसत असे, म्हणजे एका क्षणी संपूर्ण गाणे दोन ठिकाणी कधीच नसे. रेकॉर्ड कंपन्यांनी दावा लावला, आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की तुकड्यांनी का होईना, नव्या यंत्रावर नवी प्रत बनतेच, आणि पहिल्या विक्रीचे तत्त्व विकण्याची मुभा देते, प्रत काढण्याची नव्हे. निकाल कायद्याच्या शब्दांना धरून आहे हे मला मान्य आहे. तरीही कायद्याचे शब्द वस्तूंच्या काळात लिहिलेले असल्याने त्यांचा अर्थ गिऱ्हाइकावर उलटला, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

युरोपात याच प्रश्नाची दोन उत्तरे मिळाली. २०१२ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सॉफ्टवेअरच्या बाबतीत म्हटले की एकरकमी पैसे घेऊन कायमचा परवाना दिला असेल तर कागदावर त्याला काहीही म्हणा, ती विक्रीच आहे आणि गिऱ्हाईक तो परवाना पुढे विकू शकते. त्यावरून संगीत आणि चित्रपटांनाही हेच लागू होईल अशी अनेकांची अटकळ होती. पण २०१९ मध्ये ई-पुस्तकांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने वेगळी वाट धरली: डाउनलोडसाठी ई-पुस्तक देणे म्हणजे प्रतीचे वितरण नव्हे, तर लोकांपर्यंत कलाकृती पोहोचवणे होय, आणि तो हक्क पहिल्या व्यवहाराने संपत नाही. वापरलेल्या डिजिटल गाण्यांचा बाजार कुठे दिसत नाही, त्याला हे निकाल कारण आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे चित्रपट गेला कुठे. ‘डाउनलोड’ केलेला चित्रपट आपल्या यंत्रात असतो खरा, पण तो कूटबद्ध, म्हणजे डिजिटल किल्लीशिवाय न उघडणाऱ्या रूपात असतो. ॲपलची फेअरप्ले, गुगलची वाइडवाइन आणि मायक्रोसॉफ्टची प्लेरेडी या त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख प्रणाली. आपण ‘प्ले’ दाबतो तेव्हा ॲपकडे किल्ली नसेल किंवा किल्लीची मुदत संपलेली असेल, तर ते सेवेच्या सर्व्हरकडे किल्ली मागते. सर्व्हर खाते, देश, यंत्रांची संख्या आणि हक्कांची तारीख तपासून मगच ती देतो. पेटी आपल्या घरात आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी ही व्यवस्था आहे. त्यामुळे कोणी घरात येऊन काही उचलून न नेताही, केवळ पुढच्या वेळी किल्ली नाकारून, विकलेली गोष्ट परत घेता येते.

ती नाकारण्याची वेळ सेवेवर का येते, हे बाहेरून दिसत नाही. ज्या सेवेवर आपण बटण दाबतो ती बहुधा चित्रपटाची मालक नसते. निर्मात्याकडून वितरकाने आणि वितरकाकडून सेवेने, ठरावीक प्रदेशांपुरते, ठरावीक वर्षांपुरते आणि ठरावीक प्रकारापुरते हक्क घेतलेले असतात. एकेका चित्रपटाची खरेदी किंवा भाडे, मासिक वर्गणीतले दर्शन, जाहिरातींसह मोफत दर्शन हे तीन वेगळे हक्क मानले जातात आणि अनेकदा तीन वेगळ्या ठिकाणी विकले जातात. सेवेच्या हातातच जे पाच वर्षांपुरते आहे ते ती गिऱ्हाइकाला तहहयात कसे देणार? याला उपाय नाही असे नाही. करारात एक कलम घालायचे असते की मुदत संपल्यावर नवी विक्री थांबेल, परंतु आधी खरेदी केलेल्यांना प्रवेश चालू राहील आणि त्यासाठी सेवेला फाइल सर्व्हरवर ठेवता येईल. माझ्या एका अशिलाच्या, एका छोट्या सेवेच्या करारात हे कलम पहिल्या वेळी होते. नूतनीकरणाचा मसुदा वितरकाकडून आला तेव्हा ते नव्हते, आणि घाईत सही करताना ते कोणाच्या लक्षात आले नाही. दोन वर्षांनी ‘सर्व प्रती पुसून तसे प्रमाणपत्र द्यावे’ अशी नोटीस आली तेव्हा प्रकरण माझ्याकडे आले. नुसत्या आर्जवावर वितरकाने एक वर्ष वाढवून दिले, त्यापलीकडे हाती काही लागले नाही. गिऱ्हाइकांना जे पत्र गेले त्यात हाच वाक्प्रचार होता: हक्कांची मुदत संपली.

जाहीर झालेली उदाहरणेही कमी नाहीत. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिकच्या गाण्यांना किल्ल्या देणारे सर्व्हर बंद करण्याचे ठरवले आणि गिऱ्हाइकांच्या संतापानंतर मुदत पुढे ढकलली. पुढच्याच वर्षी ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती वाचकांच्या किंडल या ई-वाचनयंत्रांवरून दुरून पुसल्या, कारण त्या विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत केले, पण पुसण्याची पद्धत चुकीची होती हे नंतर कंपनीच्या प्रमुखांनीच कबूल केले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशनवर विकलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस गिऱ्हाइकांच्या संग्रहातून जातील असे जाहीर केले आणि नवा करार झाल्यावर तो निर्णय मागे घेतला. या सगळ्यांना कायद्याकडून मिळालेले आजवरचे सर्वांत थेट उत्तर कॅलिफोर्नियाचे आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे लागू झालेल्या कायद्यानुसार, हा केवळ परवाना आहे आणि तो काढून घेतला जाऊ शकतो हे गिऱ्हाइकाला स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ असा शब्द वापरता येत नाही. कायमस्वरूपी उतरवून घेता येणाऱ्या आणि नेटशिवाय चालणाऱ्या प्रतींना मात्र हे बंधन नाही. या कायद्याने कोणाला मालकी मिळाली नाही, बटणावरची पाटी तेवढी खरी झाली. तरीही मी त्याला क्षुल्लक मानत नाही, कारण पाटी खरी झाली की किंमत काय योग्य याचा विचार गिऱ्हाईक स्वतः करू लागते.

संगीताची गुंतागुंत आणखी वेगळी आहे, आणि ‘गाण्याचा मालक कोण’ या प्रश्नाला एकवचनी उत्तर नसते हे इथे सांगायला हवे. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण निर्मात्याचे किंवा रेकॉर्ड कंपनीचे, असे किमान तीन स्तर एका गाण्यात असतात, आणि गायकाचे कलाकार म्हणून असलेले हक्क त्याहून निराळे. २०१९ मध्ये अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणे तिच्या मर्जीविरुद्ध विकली गेली, तेव्हा तिने तीच गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. हे तिला शक्य झाले, कारण शब्द आणि चाल यांचे हक्क गीतकार म्हणून तिच्या बाजूला होते. मूळ ध्वनिमुद्रणे तिने २०२५ मध्ये परत विकत घेतली, पण दरम्यानच्या काळात त्याच गाण्यांच्या दोन आवृत्त्या, दोन वेगळ्या मालकांच्या, एकाच सेवेवर शेजारी शेजारी नांदत होत्या.

जुन्या करारांचा विषय निघाला की मी जरा रेंगाळतो, कारण डिजिटल काळातले निम्मे वाद तिथेच उगवतात. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या करारात ‘व्हिडिओ हक्क’ किंवा ‘आज ज्ञात असलेली सर्व माध्यमे’ असे शब्द असतात. त्यात इंटरनेट येते का? घेणारा म्हणतो येते, देणारा म्हणतो तेव्हा ते नव्हतेच. भारतीय कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने याला उत्तर दिले: हक्क हस्तांतरित करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर हस्तांतर त्याला लागू होणार नाही. त्याच दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना आणखी एक संरक्षण दिले. चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाव्यतिरिक्त होणाऱ्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा त्यांना सोडून देताच येत नाही. तशी सही केली तरी ती निरर्थक. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, हे कलम तर त्याहूनही जुने आहे आणि त्याने भल्याभल्यांची झोप उडवलेली मी पाहिली आहे. पेटी उघडून मूळ कागद दाखवायला आलेला निर्माता ‘सगळे हक्क माझ्याकडेच आहेत’ असे म्हणतो, तेव्हा मी प्रथम मुदतीची ओळ शोधतो.

हेच स्तर मुदत संपण्याच्या बाबतीतही घोळ घालतात. भारतात चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचे संरक्षण प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे असते, म्हणजे १९६४ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट १ जानेवारी २०२५ ला कॉपीराइटमधून मुक्त झाला. पण त्यातल्या गाण्याचे शब्द आणि चाल यांची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. ध्वनिमुद्रण मुक्त आणि त्यातले गीत बांधलेले, अशी अवस्था त्यामुळे सर्रास आढळते. शिवाय युरोपात आणि अमेरिकेत रचनाकारांच्या बाबतीत हाच आकडा सर्वसाधारणपणे ७० आहे, त्यामुळे एका देशात मुक्त झालेली रचना दुसऱ्या देशात बांधलेलीच असू शकते, आणि इंटरनेटला सीमा नसल्या तरी कायद्याला असतात.

घरच्या सीडीची प्रत काढण्याबद्दल देशोदेशीचे कायदे इतके वेगळे आहेत की एका वाक्यात हो किंवा नाही म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. ब्रिटनने २०१४ मध्ये स्वतःपुरती प्रत काढण्याची मुभा दिली आणि उच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी ती रद्द केली. जर्मनीत ती मुभा आहे आणि तिचा मोबदला कोऱ्या माध्यमांवर आणि यंत्रांवर आकारणी करून वसूल केला जातो. मात्र कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारे तांत्रिक संरक्षण, तोडून प्रत काढायला परवानगी नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणे हाच स्वतंत्र अपराध आहे, मग प्रत कशासाठी का असेना. दर तीन वर्षांनी काही अपवाद जाहीर होतात तेवढेच. भारतीय कायदा या बाबतीत गिऱ्हाइकाला बराच अनुकूल आहे: खाजगी वापरासाठीचा ‘रास्त व्यवहार’, म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीशिवाय करता येणारा वाजवी वापर, २०१२ पासून चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांनाही लागू आहे, आणि कुलूप तोडणे हा गुन्हा ठरण्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. स्वतःची तबकडी, स्वतःच्या घरातली यंत्रे आणि प्रत बाहेर न जाणे, या मर्यादेत भारतात मला धोका दिसत नाही. तबकडी विकून टाकून प्रत मात्र ठेवून घेणे हे या मर्यादेत बसत नाही, आणि लोक अगदी सहजपणे हेच करतात.

विकत घेतलेले गाणे स्वतःच्या व्हिडिओला लावण्याचे उत्तर सोपे आहे: नाही लावता येत. आपण ऐकण्याची परवानगी घेतली आहे, चित्रांशी जोडून प्रसारित करण्याची नव्हे. त्यासाठी शब्द-चालीच्या मालकाची एक आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाची दुसरी, अशा दोन वेगळ्या परवानग्या लागतात. ‘दहा सेकंदांपर्यंत चालते’ हा जो समज आहे त्याला मला माहीत असलेल्या कोणत्याही कायद्यात आधार नाही. ‘श्रेय दिले आहे’ किंवा ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असे खाली लिहिल्यानेही काही बदलत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी प्रणाली २००७ पासून ध्वनीचे ठसे, म्हणजे गाणे ओळखण्याच्या डिजिटल खुणा, जुळवते आहे, आणि ठसा जुळला की बहुधा व्हिडिओ जागच्या जागी राहतो, जाहिरातीचे पैसे मात्र हक्कधारकाकडे वळतात.

वारसाहक्काचा प्रश्न शेवटी घेतो, कारण तो आधीच्या सगळ्यावर अवलंबून आहे. तबकड्या, ध्वनिमुद्रिका आणि कॅसेट या जंगम मालमत्तेत मोडतात. मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख करा किंवा करू नका, त्या वारसांकडे जातात. कुलूप नसलेल्या फाइली ज्या डिस्कवर आहेत ती डिस्कही जाते. आयट्यून्सने २००९ पासून गाण्यांवरचे कुलूप काढल्यामुळे तिथून घेतलेली अशी गाणी या गटात व्यवहारतः बसतात. चित्रपटांवरचे कुलूप मात्र तसेच राहिले. खात्यात असलेला संग्रह वेगळा. बहुतेक सेवाशर्तींमध्ये खाते आणि परवाने अहस्तांतरणीय आहेत असे लिहिलेले असते, आणि परवाना धारकाच्या मृत्यूबरोबर संपतो अशीच सेवांची भूमिका असते. काही सेवा कुटुंबातल्या इतरांशी खरेदी वाटून घेण्याची सोय देतात. ती हयातीतच सुरू करून ठेवावी, पण तिच्या आधारे मालकी बदलते असे समजू नये. मृत्युपत्र करून घेणाऱ्या अशिलांना मी हल्ली एक कागद वेगळा करायला सांगतो: कोणते चित्रपट आणि गाणी तबकडीवर आहेत, कोणती खुल्या फाइलींच्या रूपात आहेत आणि कोणती केवळ खात्यात दिसतात. तिसरा रकाना भरताना बहुतेकांचा हात थांबतो, आणि मग त्यातले खरोखर जिव्हाळ्याचे दहा-वीस चित्रपट ते तबकडीवर पुन्हा विकत घेतात.